सल्लागार कोणाच्या बाजूचा?

नांदेडात काय नि लातुरात काय, कॉलेजला ‘नॅक’ची तयारी करायची असो की पतसंस्थेचा कारभार सुधारायचा असो, हल्ली बाहेरून सल्लागार येतो. त्याचं ज्ञान मला मान्य आहे. पण पहिल्याच बैठकीत त्यानं दोन गोष्टी सांगाव्यात असा माझा आग्रह आहे: पैसे कोण देतंय आणि इथलं आपल्याला काय ठाऊक नाही. एवढं तो स्वतःशीही कबूल करत नसेल तर लोक त्याच्यापुढे मान डोलावतील आणि तो गेला की जुनंच चालू ठेवतील.

या कामाची मोठी शाळा आपल्याच भागात भरली होती. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, तर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती. जागतिक बँकेच्या मदतीच्या या कामात लोकसहभागासाठी सरकारनं प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सल्लागार नेमलं. नेमणूक सरकारची, विश्वास मिळवायचा गावाचा. मोठी अवघड जागा. संस्थेनं गावातल्या बायकांनाच ‘संवाद सहायक’ केलं. योजना घरोघरी समजावायची आणि लोकांच्या अडचणी वर पोचवायच्या, हे त्यांचं काम.

इंजिनियर सांगत होते ते शास्त्राला धरून होतं. माळवदावरचा मातीचा भार कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, लाकडी सांगाडा तिरप्या पट्ट्यांनी आवळा. तेच घर टिकेल. खांब-तुळयांचे सांगाडे खरोखरच बऱ्याच ठिकाणी उभे राहिले होते, ढासळल्या त्या दगडमातीच्या भिंती. पण ज्या दगडांखाली सोयरेधायरे गेले, त्याच दगडांच्या आडोशाला निजायचं कसं? पुष्कळांनी मदतीच्या पैशातून विटा-सिमेंटची वेगळी खोली बांधली. याला लोकांचं अडाणीपण म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. प्रश्न भीतीचा होता आणि उत्तर बांधकामाचं दिलं जात होतं. आपल्याला जे येतं तेच समोरच्याला हवंय असं धरून चालणं, हा सल्लागाराचा जुना दोष.

पुढे २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं, तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. स्वतः सोसलेलं सांगायचं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. मात्र अनुभवालाही मर्यादा असते. कच्छची ‘भुंगा’ म्हणतात ती गोल घरं भूकंपात तगली होती. तिथं लातूरचं घर मोजमाप म्हणून चालणार नव्हतं. सोसलेल्या माणसानंही आधी समोरचं घर पाहायला हवं.

म्हणून नांदेड-लातूरच्या संस्थाचालकांना माझी सूचना आहे. सल्लागाराशी करार करताना एक अट घाला: त्याचा अहवाल संचालक मंडळाकडे जाण्याआधी कारकून, शिपाई, शिक्षक सगळ्यांसमोर मराठीत वाचला जाईल आणि त्यांच्या हरकती अहवालाला जशाच्या तशा जोडल्या जातील. ही अट नको म्हणणाऱ्याला काम देऊ नका.