घरी देव पाहुणा, देवळात आपण पाहुणे



सणवार जवळ आले की मंडळींचे प्रश्न सुरू होतात. गणपतीला तुळस का वाहत नाहीत? शंकराला प्रदक्षिणा अर्धीच का? नैवेद्य आधी चाखून पाहिला तर काय बिघडते? विचारणारी बहुतेक इथेच वाढलेली मुले असतात आणि मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते : "तसं करायचं नसतं." हे उत्तर चारचौघांत दोन-तीनदा ऐकलेले मूल पुढे आरतीला यायचेच टाळते. क्लेमेंटीत राहताना मी हे पुष्कळ घरांत पाहिले आहे. म्हणून या वेळी नियमांची यादी देण्याऐवजी त्यांमागचे सूत्र सांगतो.

आपल्या षोडशोपचार पूजेचा क्रम पाहा. आवाहन म्हणजे 'या', आसन म्हणजे 'बसा'. मग पाय धुवायला पाणी, हातावर पाणी, आचमनाला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप आणि मग जेवण. जुन्या काळी दूरचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याचे घरात असेच स्वागत होई. हे एकदा कळले की बरेच नियम आपोआप उलगडतात. पाहुण्याच्या ताटातले आपण आधी चाखत नाही, म्हणून नैवेद्यही चाखत नाही. हुंगलेले फूल त्याला देत नाही. जेवतो त्या उजव्या हातानेच त्याला देतो. गणपती आणि तुळशीने एकमेकांना शाप दिल्याची पुराणातली गोष्ट आहे. ज्यांचे पटत नाही त्यांना आपण एका पंगतीत बसवत नाही. गणेश चतुर्थीला मात्र पत्रींमध्ये तुळस चालते, म्हणजे सणाला रुसवे बाजूला ठेवायचे! उत्तरपूजेत अक्षता वाहून 'पुन्हा या' म्हणतो, तेही पाहुण्याला निरोप देताना म्हणावे तसेच. देवघरातल्या नित्याच्या मूर्तींना आवाहन-विसर्जन नसते, कारण ते देव घरचेच.

सोळा उपचार जमले नाहीत तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच पुरतात. गीतेच्या नवव्या अध्यायात तर भक्तीने दिलेले पान, फूल, फळ किंवा पाणीही पुरेसे मानले आहे. फ्लॅटमध्ये धुराचा शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर एकच उदबत्ती लावावी. आपल्या पाहुण्यापायी शेजाऱ्याला खोकला लागला, तर ते आदरातिथ्य कसले?

देवळात मात्र नाते उलटते. तिथे देव यजमान आणि आपण पाहुणे, म्हणून त्या घरची रीत पाळायची. पंढरपुरात विठोबाच्या पायांवर डोके ठेवतात, गरुडखांबाला मिठी मारतात. साउथ ब्रिज रोडवरच्या 1827 सालच्या श्री मारिअम्मन देवळात गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडायचे. अर्चना करताना पुजारी नाव आणि नक्षत्र विचारतात, म्हणून मुलांना त्यांचे नक्षत्र सांगून ठेवा. शंकराच्या देवळात अभिषेकाचे पाणी वाहून जाते ती वाट ओलांडत नाहीत, म्हणून प्रदक्षिणा अर्धी. "आमच्याकडे असं नसतं," असे कोणत्याही देवळात म्हणू नये.

वॉटर्लू स्ट्रीटवरचे श्रीकृष्ण मंदिर 1870 सालचे आहे. शेजारीच क्वान इमचे चिनी देऊळ. तिथे आलेले कितीतरी चिनी भाविक कृष्णालाही आपल्या पद्धतीने उदबत्ती दाखवून जातात आणि त्यांना कोणी अडवत नाही. आपणही सातव्या चिनी महिन्यात ब्लॉकखाली मांडलेला नैवेद्य ओलांडत नाही, बाजूने जातो.

रीतीच्या नावाखाली माणसांना दाराबाहेर ठेवल्याचा इतिहासही आपलाच आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. यजमान दार उघडे ठेवून बसला असताना आधी आलेल्या पाहुण्यांनीच ते लावून घेतले होते. आज आपल्या मंडळातही दुसऱ्या भाषेतून, दुसऱ्या धर्मातून आलेल्या सुना आणि जावई आहेत. आरतीचे ताट त्यांच्या हाती देताना कोणी घुटमळू नये.

आता लक्ष्मीपूजनाविषयी. इथली दीपावलीची सुट्टी तमिळ प्रथेप्रमाणे, नरक चतुर्दशीनुसार ठरते. आपले लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, त्यामुळे काही वर्षी ते दुसऱ्या दिवशी येते. तिथी सिंगापूरच्या सूर्यास्तावरून पाहावी, पुण्याच्या नव्हे. या दिवसांत इथे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यानंतर पूजा मांडावी. लाह्या-बत्तासे आणि धणे-गूळ ठेवावेत, नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहावे. वर्षभर घर झाडणाऱ्या वस्तूलाही लक्ष्मी मानणारी आपली रीत मुलांना आवर्जून सांगा.

ज्येष्ठांना एक विनंती. कोणी चुकले तर सर्वांसमोर टोकू नका. पूजा झाल्यावर जवळ बसवून कारण सांगा, आणि कारण आपल्यालाच ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने म्हणा. तरुणांनो, तुम्हीही विचारत राहा. पुढे ही पूजा तुम्हालाच मांडायची आहे.

सर्वांना शुभ दीपावली!