बुकिंगच्या पावतीवर तारखेचा रकाना कोरा का?



नव्या पिकअपचा फोटो टाकला तेव्हापासून फोन चालू आहेत. कुठल्या शोरूमची, किती दिवसांत मिळाली, आम्हालाही घ्यायची आहे. शोरूमचं नाव इथं लिहीत नाही. एक तर माझी तक्रार अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या ओळखीच्यांना विचारलं तर प्रत्येकाकडं थोड्याफार फरकानं हीच कहाणी निघाली, शोरूम मात्र वेगवेगळं. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पंच्याहत्तर क्रेट, म्हणजे दीड टन माल हौद्यात घालून चढ चढते, सरासरीही बरी देते. म्हणणं आहे ते गाडी हातात येईपर्यंत जे चाललं त्याबद्दल.

गाडी उशिरा मिळणं हा काही गुन्हा नाही. करोनानंतर चिप मिळेना म्हणून गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कारखान्यातून किती गाड्या यायच्या ते डीलरच्या हातात नसतं, हेही मान्य. शेतकऱ्याला वाट बघायचं कोणी शिकवायला नको, आपण पावसाची बघतो, लाईटची बघतो, कारखान्याच्या टोळीची बघतो. पण पाऊस कधी येईल ते पाऊस सांगत नाही. इथं समोरचा माणूस तोंड वर करून तारीख सांगतो, आपण त्या तारखेवर बाकीचं ठरवतो, आणि ती तारीख खोटी आहे हे त्याला सांगतानाच माहीत असतं. उशीर वेगळा आणि थाप वेगळी.

आमचा टोमॅटो जूनच्या शेवटी लागला, दोन एकर. म्हणजे ऑगस्टअखेर तोडा सुरू होणार हे तेव्हाच ठरलं. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलै २०२५ ला, एकवीस हजार भरून गाडी बुक केली. सेल्सवाला पोरगा गोड बोलणारा. "काका, पोळ्याला गाडी दारात. बैलांबरोबर तिलाही गोंडे बांधा." म्हटलं बाबा, हे पावतीवर लिही. तर म्हणे सिस्टीममध्ये तारीख टाकता येत नाही. पावती बघितली तर तारखेचा रकाना होता, छापलेला होता, आणि कोरा होता. खाली बारीक अक्षरात एक ओळ मात्र होती: डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील. ही ओळ लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

पोळा झाला, गणपती बसले, गणपती उठले. फोन केला की "कंटेनर निघालाय", "गाडी रस्त्यात आहे", "या आठवड्यात नक्की". चेसिस नंबर मागितला की विषय बदलायचा. खरं तर एवढीच एक परीक्षा पुरेशी आहे. गाडी तुमच्या नावावर लागली असेल तर तिला सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर असतोच. नंबर सांगता येत नसेल तर रस्त्यात गाडी नाही, नुसता रस्ता आहे.

तोवर इकडं तोडा सुरू झाला. एक दिवसाआड शंभर-सव्वाशे क्रेट. भाड्याची गाडी पिंपळगाव मार्केटला क्रेटमागे बारा रुपये घेते. ती आमच्या एकट्याची नाही, तीन शेतांचा माल गोळा करत जाते. आपला माल आधी भरला तर दोन तास उन्हात, शेवटी भरला तर लिलावाला उशीर. सप्टेंबरच्या पावसात माल आधीच नरम, त्यात हे हाल. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भाड्यापोटी त्रेचाळीस हजारांच्या वर गेले. डिझेल आपलंही जळालं असतं, हे धरूनसुद्धा निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते. भाव पडला ते वेगळंच, त्याचा हिशेब मी धरत नाही.

आता खरी गंमत. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं ठरवलं की मालवाहू गाड्यांचा टॅक्स २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून लागू. हिशेब सोपा आहे. टॅक्स सोडून साडेसात लाखांची गाडी असेल तर जुन्या दरानं ९ लाख ६० हजार, नव्या दरानं ८ लाख ८५ हजार. पंच्याहत्तर हजारांचा फरक. आणि काय चमत्कार, दोन महिने न सापडलेली गाडी १० सप्टेंबरला सापडली! फोन त्यांचा आला, तोही सकाळी साडेआठला. "काका, तुमची गाडी आली. फक्त वीस तारखेच्या आत बिल करून टाकू, नंतर स्टॉकची गॅरंटी नाही."

त्यांची अडचण मला कळते. २८ टक्के टॅक्स भरून घेतलेली गाडी १८ नं विकायची तर वरच्या टॅक्सचे पैसे अडकून पडतात. पण मग तसं सांगा ना. पोरानं मला काय सांगावं, तर "तुमचं बुकिंग जुलैचं आहे, त्यामुळं तुम्हाला जुनाच दर लागणार, थांबून उपयोग नाही." त्याला पावतीवरची ती बारीक ओळ वाचून दाखवली. किंमत वाढली की डिलिव्हरीच्या दिवशीची लागू, आणि कमी झाली की बुकिंगच्या दिवशीची? गाडी आणि बिल दोन्ही २२ तारखेनंतर असेल तर टॅक्स नव्या दरानं लागतो, ॲडव्हान्स कधी भरला त्यानं फरक पडत नाही. सोसायटीचे हिशेब तपासणारे सीए आहेत, त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. म्हटलं २२ नंतर बिल करा, त्याच दिवशी डीडी देतो. पोरगा म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. चोवीस तारखेला कळलं, "ती गाडी दुसऱ्या कस्टमरला गेली, तुमचा नंबर आता दसऱ्यानंतर."

तो दुसरा कस्टमर कोण, हे कळायला वेळ लागला नाही, पंचक्रोशी लहान असते. त्याचं बुकिंग ऑगस्टचं, माझ्यानंतरचं. पण त्यानं कर्ज शोरूममधल्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याकडून घेतलं, विमा शोरूमचा घेतला, आणि सीट कव्हर, मॅट, टेपची किटही. मी कर्ज आमच्या बँकेचं घेणार, विमा बाहेरचा घेणार, हौद्याला वरची जाळी पिंपळगावात वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार. म्हणजे माझ्यात शोरूमला कमाई नाही. रांग पावतीच्या तारखेनं चालत नाही, कमिशननं चालते. हे बोर्डवर लिहून लावा, आमची हरकत नाही, निदान माणूस ठरवेल तरी.

कमिशन घेऊ नये असं मी म्हणत नाही. आडत्यालाही आपण देत होतोच. पण आडत पट्टीवर लिहिलेली असायची. विम्याचं बघा. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवून देतं, तो कुठंही तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. त्यांनी दिलेला आकडा आणि मी बाहेरून आणलेला आकडा यात साडेसात हजारांचा फरक होता, गाडीची किंमत तेवढीच धरून. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क आपला आहे, शोरूमला सक्ती करता येत नाही. तरी तिथं शब्द वापरतात "कंपल्सरी". सीट कव्हर कंपल्सरी! कोणत्या कायद्यात, दाखवा म्हटलं की "काका, सगळे घेतात".

डीडीचं एक सांगायचं राहिलं. "डीडी आली की गाडी लागते" हे पालुपद तुम्हालाही ऐकायला मिळेल. आमच्याच शिवारातल्या एकानं ऑगस्टमध्ये सात लाखांचा डीडी दिला. दहा टक्क्यांनी महिन्याला पाच हजार आठशे रुपये व्याज. गाडी ऑक्टोबरच्या मध्याला आली. साडेअकरा हजार रुपये व्याज भरलं, गाडीचं चाकसुद्धा न फिरवता. त्याच्या पैशावर शोरूमनं कोणाची गाडी उचलली कोण जाणे. बुकिंगचंही तसंच. शंभर जणांचे एकवीस हजार म्हणजे एकवीस लाख, बिनव्याजी, बिनमुदत. आपण सोसायटीचा हप्ता एक दिवस चुकवून बघा, तारीख काय असते ते कळतं.

उसाचं उदाहरण देतो. कायद्यानं कारखान्यानं ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज. ते व्याज किती जणांना मिळालं हा भाग वेगळा, पण कागदावर आहे म्हणून त्याच्यासाठी भांडता येतं, कोर्टात जाता येतं. गाडीच्या बुकिंगला असं काहीच छापलेलं नाही. आपण रद्द केलं तर कापून किती घेणार ते छापलंय, त्यांनी उशीर केला तर काय देणार ते छापलेलं नाही. माझी मागणी इथंच आहे. बुकिंगच्या फॉर्मवर डिलिव्हरीची तारीख सक्तीची करा, ती चुकली तर भरलेल्या रकमेवर बँकेच्या दरानं व्याज, आणि ग्राहकानं त्यानंतर रद्द केलं तर एक रुपया न कापता परत. तारीख तीन महिन्यांनंतरची टाका, चालेल. मी त्या हिशेबानं टोमॅटोला भाड्याची गाडी आधीच ठरवली असती, घासाघीस करून दहा रुपयांत.

त्या सेल्सवाल्या पोराचा मला राग नाही. आमच्याच बाजूचा आहे, बी.कॉम. झालाय, पगार तुटपुंजा आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर. त्याला तारीख सांगायला लावतो तो काचेच्या केबिनमधला. केबिनमधले साहेब मला चार महिन्यांत एकदा भेटले, तेही मी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल पाठवून त्याची प्रत घेऊन गेलो तेव्हा. पोरीनं मोबाईलवरून लिहून दिला ईमेल. बुकिंगची तारीख, पावती नंबर, प्रत्येक फोनची तारीख आणि काय सांगितलं ते. फोनची तारीख मी तोड्याच्या वहीतच टिपून ठेवत होतो. ते पान बघितल्यावर चहा आला. केबिनमध्ये मला हेही ऐकवलं गेलं की "ही कमर्शियल गाडी आहे, तुम्ही ग्राहक मंचात बसत नाही." हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. दहा गाड्या घेऊन ट्रान्सपोर्ट चालवणारा वेगळा, स्वतःचा टोमॅटो स्वतः वाहणारा वेगळा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ऑनलाईन ई-जागृतीवर करता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. आधी १९१५ नंबरवर नोंद केली तरी बऱ्याचदा शोरूमवाले हलतात. माझे हलले. १८ नोव्हेंबरला गाडी आली, नव्या दरानं, विमा माझा, किट न घेता.

येतानाही दोन गोष्टी बघाव्या लागल्या. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते असतं. ते वाचल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. आत्ता जानेवारी-फेब्रुवारीत घेणाऱ्यांनी तर विशेष, कारण मागच्या वर्षीची गाडी नवी म्हणून दिली तर विकताना एक वर्ष जुनी धरतात. जुनी घ्यायला हरकत नाही, पण सूट मागा. दुसरं, "घेऊन जा, पासिंग नंतर करू" म्हणाले तर नको म्हणा. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती, डीलरनं गाडी ताब्यात द्यायचीच नाही असा नियम आहे. रस्त्यात काही झालं तर निस्तरायचं आपल्याला.

आणि बिल ओळ न ओळ वाचा. माझ्या बिलात "लॉजिस्टिक ॲण्ड हँडलिंग" म्हणून साडेसहा हजार लावले होते, कोटेशनमध्ये ते नव्हते. हा सरकारी कर नाही, आरटीओची फी नाही. हरकत लिहून सही केली, पैसे भरले, कारण तोडा थांबत नव्हता. तेवढ्याच रकमेची तक्रार आता बाकी आहे. शोरूमनं दोन हजार परत करतो म्हणून निरोप पाठवला होता, मी नको म्हटलं. साडेसहा हजार द्या किंवा कशाचे ते लिहून द्या. काय होतं ते इथंच कळवतो.

ज्यांचं बुकिंग सध्या चालू आहे त्यांनी पाडव्याचा शब्द मिळाला असेल तर आजच चेसिस नंबर मागून बघा. पुढची नोंद उन्हाळ कांद्यावरच्या करप्याची, फोटो काढून ठेवलेत.