सफाईसाठी आणलेला पाहुणा

या सदरात आपण घरातल्या लहानसहान गोष्टींबद्दल बोलत असतो. या वेळी बोलायचे आहे एका माशाबद्दल आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांनी हे जरूर वाचावे. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या मुलांचा हट्ट कधी सुरू होईल हे सांगता येत नाही, म्हणून त्यांनीही वाचावे.

आमच्या दिवाणखान्यात अडीच फुटी टाकी आहे. त्यात सुमारे ८० लिटर पाणी बसते. गप्पी, प्लॅटी आणि निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन टेट्रा असे वेगवेगळ्या जातींचे पण एकमेकांना त्रास न देणारे मासे तिच्यात एकत्र राहतात. काही महिन्यांनी काचेवर हिरवा थर चढू लागला. दुकानात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "एक सकर टाका. काच चाटून साफ करतो. वेगळे काही खायला द्यावे लागत नाही. बाकीच्यांचे उरलेसुरले आणि घाण खाऊन जगतो."

आम्हाला ते पटले. दोन इंचांचा सकर पिशवीत घालून घरी आणला आणि पिशवीतल्या पाण्यासकट टाकीत ओतला. तो जो फिल्टरमागे गेला तो दोन दिवस दिसलाच नाही. आठवड्याभरात काच मात्र लख्ख झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही कौतुकाने सांगत होतो, "हा आमचा सफाईवाला."

पुढे रमजान सुरू झाला. एका पहाटे सहरीसाठी उठलो, तेव्हा स्वयंपाकघराचा उजेड टाकीवर पडला होता. सकर समोरच्या काचेला तोंडाने चिकटला होता आणि त्याचे पोट आम्हाला पहिल्यांदाच नीट दिसले. ते आत गेले होते, वाटीसारखे. डोळेही खोल गेले होते. त्या काचेवर चाटण्याजोगे काहीच उरले नव्हते, तरी तो चाटत होता. आम्ही घाईघाईने टाकीत खाणे टाकले. ते वरच्या वर गप्पींनी संपवले. तिसऱ्या दिवशी सकर तळाशी निपचित पडलेला सापडला.

आमची धाकटी त्या वर्षी पहिल्यांदा रोजे धरत होती. तिने विचारले, "अम्मी, रोज दोन वेळा आपण खाणे टाकत होतो. सगळे मासे जेवत होते. मग हाच उपाशी कसा राहिला?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. रोजेदाराची भूक स्वतःहून पत्करलेली असते आणि मगरिबला ती संपणार हे त्याला ठाऊक असते. या जिवाची भूक आमच्या बेफिकिरीतून आलेली होती. म्हणून ईदनंतर, दुसरा मासा आणण्याआधी, आम्ही या जातीची नीट माहिती करून घेतली.

आपल्याकडच्या शिंगाळा-मांगूर यांच्या मिशाळ गोतातलाच हा दूरचा नातलग. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या कठीण पट्ट्या आणि तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने तो दगडाला, लाकडाला चिकटून राहतो आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खातो. तो निशाचर आहे. दिवसा लपतो आणि अंधार पडल्यावर चरायला निघतो. धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आम्ही खाणे टाकत होतो ते दिवसा आणि पाण्याच्या वर. तो जेवतो रात्री आणि तळाशी. काचेवरचे शेवाळ थोड्याच दिवसांत संपते. माशांची विष्ठा तर तो खातच नाही, उलट स्वतःच भरपूर घाण करतो. म्हणजे भरल्या घरात त्याचे ताट कुणी वाढलेच नव्हते.

दुसरी गोष्ट आकाराची. दुकानात दोन इंचांचा दिसणारा साधा सकर पुढे दीड फुटापर्यंत वाढू शकतो. घरातल्या टाकीत तो मावत नाही. म्हणून या खेपेस आम्ही ब्रिसलनोज या जातीचा मासा निवडला. तो साधारण १० ते १३ सेंटिमीटरवर थांबतो. नराच्या नाकावर मिशांसारखे कोंब फुटतात. अंडी सांभाळण्याचे कामही नरच करतो. पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो कपारीत बसून परांनी अंड्यांना पाण्याचा वारा घालत राहतो. हे ऐकून दादी म्हणाल्या, "याच्याकडून काही बापांनी शिकण्यासारखे आहे."

आता सांगतो ते आम्ही कसे केले.

आधी घर तयार केले. नव्याने भरलेल्या टाकीत हा मासा सोडू नये. विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आमची टाकी जुनी होती, त्यामुळे ती काळजी नव्हती. आम्ही तिच्यात टाकीसाठी मिळणारे लाकूड ठेवले, कारण हा मासा लाकूडही खरवडतो. मातीचे छोटे मडके स्वच्छ धुऊन आडवे ठेवले. लपायला जागा मिळाली की नवा मासा लवकर रुळतो.

दुकानात आम्ही घाई केली नाही. मासा काचेला चिकटलेला असताना पोट पाहिले. ते सपाट किंवा किंचित फुगीर हवे, आत गेलेले नको. डोळे भरलेले हवेत, पर फाटलेले नकोत. खाणे टाकायला लावून तो खातो का, हेही पाहिले. दुकानदार थोडा वैतागला, पण मासा चांगला मिळाला.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद केला आणि बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे आतले-बाहेरचे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी एक कप टाकीतले पाणी तिच्यात घालत गेलो. यात अर्धा-पाऊण तास गेला. नंतर मासा प्लास्टिकच्या डब्याने अलगद उचलून सोडला. जाळी वापरली नाही, कारण त्याच्या परांचे आणि गालांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना इजा होते. पिशवीतले पाणी मोरीत ओतले. दुकानातला रोग त्या पाण्यातून घरी येऊ शकतो. तरीही खात्री नको म्हणून पहिले तीन आठवडे त्याला वेगळ्या टबात ठेवले होते. त्यासाठी एक स्पंज फिल्टर आधीपासून मोठ्या टाकीत चालवून तयार ठेवला होता. तीन आठवड्यांनी मोठ्या टाकीत सोडताना हेच सगळे पुन्हा केले.

पहिल्या दिवशी खायला काही दिले नाही. नवा पाहुणा आधी घर पाहतो, मग जेवतो. दुसऱ्या रात्री दिवा बंद करून अर्धा तास थांबलो, बाकीचे मासे शांत झाले, तेव्हा तळाशी बुडणारी शेवाळाची एक वडी मडक्याजवळ टाकली. सकाळी वडी तशीच होती. ती काढून टाकली. तिसऱ्या रात्रीही तेच. धाकटीचा जीव वरखाली. चौथ्या दिवशी सकाळी वडी नव्हती आणि मडक्यातून नाक बाहेर आले होते.

आता त्याचे जेवण ठरलेले आहे. एका आड एका रात्री एक वडी आणि आठवड्यातून दोन-तीनदा भाजी. काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, सोललेला मटार, कधी दुधीचा तुकडा. भाजी चांगली धुऊन घ्यावी, फवारणीचे औषध माशाला सोसत नाही. काकडी तरंगते, म्हणून ती स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवतो. सकाळी उरलेला तुकडा न विसरता काढतो, नाहीतर तो कुजून पाणी बिघडते. नुसत्या काकडीवर मात्र ठेवू नये. तिच्यात बहुतेक पाणीच असते.

दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदलतो. नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवतो किंवा क्लोरीन मारणारे थेंब घालतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा हवेचा पंप बंद पडू देत नाही. टाकीत मीठ किंवा औषध घालण्यापूर्वी या जातीला ते चालते का, हे विचारून घेतो. आणि काच? ती आता आम्हीच पुसतो. तो मदत करतो, पण ते त्याचे काम आहे असे आम्ही मानत नाही.

एक विनंती. ज्यांच्याकडे मोठा सकर वाढला आहे आणि टाकी पुरत नाही, त्यांनी तो तळ्यात, नदीत किंवा विहिरीत सोडू नये. सुटका केली असे वाटते, पण पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागेसारख्या ठिकाणी हे परके मासे ठाण मांडून बसले आहेत. तिथल्या मासेमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांचे अन्न कमी होते. मोठी टाकी असलेल्याला द्यावा किंवा दुकानात परत करावा. सर्वांत बरे म्हणजे आणतानाच विचारून आणावा.

यंदाच्या रमजानमध्ये इफ्तारच्या ताटातली काकडीची एक चकती धाकटीने रोज न सांगता बाजूला काढली. रात्र झाली की ती चमच्यात खोचून टाकीत जाई. सहरीला उठल्यावर आमच्या घरात आधी दात घासायचे नसतात, आधी टॉर्च घेऊन टाकीपाशी जायचे असते. मासा काचेला चिकटलेला असतो आणि ती खालून त्याचे पोट पाहते. "भरलेले आहे," असे तिने सांगितले की मग आम्ही आमचे ताट मांडतो.

तुमच्या टाकीतही असा एखादा सफाईवाला असेल. आज रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन एकदा त्याचे पोट पाहा.