आधी पाऊल, मग वाट

देवाकडे वळायचं म्हटलं की माणूस आधी कारणं पुढे करतो. पाठांतर नाही, अर्थ कळत नाही, रोवणी उरकू दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. आमच्या लाखांदूर तालुक्यात आणि साऱ्या झाडीपट्टीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना गावोगावी रुजली आहे. तरीही सतरंजीवर तीच ती माणसं बसतात आणि 'आपल्याला ते जमायचं नाही' असं म्हणत कितीतरी जण दुरूनच हात जोडतात. या दूर उभ्या राहिलेल्यांनी मराठी बोलणाऱ्याच एका लहानशा समाजाकडे पाहावं. तो समाज म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, सोबतचं सारं समुद्राने गिळलं. पुढे कित्येक पिढ्या त्यांच्याकडे ना धर्मग्रंथ होते, ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर. ते कोकणातल्या गावांत पांगले आणि गावांवरूनच किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर झाले. हिब्रू विसरली, मराठी मायबोली झाली.

हाती फार थोडं उरलं होतं, तेवढं मात्र त्यांनी सोडलं नाही. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. खवले नसलेली मासळी खायची नाही. देव एकच आहे हे सांगणारं 'शमा'चं एक वचन प्रत्येक मंगल प्रसंगी म्हणायचं. आणि शनिवारी काम बंद. हा समाज तेलाचे घाणे चालवणारा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. त्या बंद घाण्याचं मोल समजून घेतलं पाहिजे. हातावर पोट असलेल्या घरात आठवड्यातला एक दिवस बैल सोडलेला, लाट थांबलेली, त्या दिवसाची कमाई बुडालेली. असं का करायचं, हे ग्रंथ उघडून दाखवणारं कोणी नव्हतं. बाप पाळत होता म्हणून मुलाने पाळलं आणि देवाशी असलेला धागा तुटला नाही.

पुढे दावीद रहाबी नावाचे एक ज्यू या लोकांपर्यंत पोचले. ते नेमके कधी आले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजाची आठवण अशी की रहाबींनी या समाजातल्या बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले नसलेली वेगळी काढून बाजूला केली. हे ज्यूच आहेत अशी रहाबींची खात्री पटली. त्यांनी काही जणांना धर्मशिक्षण देऊन 'काजी' म्हणून तयार केलं. पोथी नंतर आली. त्या आधी कित्येक पिढ्या आचार चालत आलेला होता.

हा क्रम ज्यू धर्माच्या गाभ्यातलाच आहे. सीनाय पर्वतापाशी देवाच्या आज्ञा स्वीकारताना लोकांनी आधी 'आम्ही करू' म्हटलं आणि ऐकण्या-समजण्याची गोष्ट त्यानंतर, असं तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. रब्बींची शिकवणही हीच, की माणसाने सुईच्या नेढ्याएवढी फट उघडावी, गाड्या जातील एवढं दार देव उघडतो. पण ती फट उघडण्याचं काम माणसाचं आहे, ते दुसरा कोणी करून देणार नाही.

समजून न घेता केलेली कृती पोकळ असते, असा आक्षेप येईल. बेने इस्राएलांच्या इतिहासात त्याचं उत्तर आहे. इंग्रजांच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्यांनी नवस केला. 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, 'शआर हारहमीम' म्हणजे दयेचं द्वार, त्यांनी उभं केलं. 1846 मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. 1880 च्या सुमारास या समाजाने मराठी कीर्तनाची परंपरा सुरू केली आणि बायबलमधली आख्यानं आपल्या साकी-दिंडीत रंगली. समज आली, विद्या आली, पण आधी राखून ठेवलेल्या आचाराच्या वाटेनेच आली.

आजही या समाजात सुरुवात लहानच असते. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लावायचा. दाराच्या उजव्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे धर्मवचन ठेवलेल्या डबीला, बोटं लावून ओठांशी न्यायची. संदेष्टे एलियाहू हन्नबी यांचं स्मरण करून मलिदा करायचा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं. धानाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हा प्रसाद परका वाटणार नाही.

देवाकडे वळण्याच्या या वाटेवर एक अट मात्र कडक आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्यू माणूस कडक उपवास करतो. त्या दिवशी देवाशी केलेल्या चुकांची क्षमा मिळते. माणसाशी केलेल्या अपराधाची मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय मिळत नाही, असं मिश्ना हा ज्यूंचा धर्मनियमांचा ग्रंथ बजावतो. म्हणून देवाकडचं पहिलं पाऊल कधी कधी शेजाऱ्याच्या दाराकडे पडतं.

आपल्याकडे धुऱ्याच्या वादावरून सख्ख्या भावांत वर्षानुवर्षं अबोला असतो आणि दोघेही देवाला नेमाने नारळ फोडतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: मुहूर्त पाहत बसू नका. धर्म कोणताही असो, एक लहान आचार धरा आणि अडचणीच्या दिवशीही सोडू नका. आणि अबोला असेल तर आज संध्याकाळीच भावाच्या घरी जा.