मिरजेचा डॉक्टर आणि चुडाव्याची आजी



चुडाव्यात आमच्या शेजारी एक आजी राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातवंडे आवाजावरून ओळखायची. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होते, गाडीत बसले की नांदेड. पण आजींचे एकच पालुपद, "मरायच्या वयात डोळ्याला सुरी कशाला लावू द्यायची, बाबा?" मग एका संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही त्यांना मिरजेच्या वानलेस डॉक्टरांची हकिकत सांगितली.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ चा, कॅनडातला. डॉक्टरकी शिकले न्यूयॉर्कला. अमेरिकन मिशनने १८८९ साली त्यांना आपल्याकडे पाठवले. आधी सांगलीला छोटा दवाखाना आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय. मिशनला धर्माचा प्रचारही करायचा होता, हे आम्ही झाकून ठेवत नाही. पण माणूस हाताचा पक्का सर्जन होता. त्या काळी मोतीबिंदूवर गावोगाव फिरणारे लोक सुईने डोळ्यातला पडदा आत ढकलून द्यायचे. चार दिवस दिसायचे, मग पुष्कळांचा डोळाच जायचा. वानलेस यांनी मोतीबिंदू काढायला सुरुवात केली. बरे झालेला माणूस गावी परतला की तोच त्यांची जाहिरात. मिरजेला रेल्वे होती, त्यामुळे लांबलांबचे रोगी येऊ लागले.

आजींनी मध्येच विचारले, "आपल्या लोकांना शिवायचा का तो?"

प्रश्न साधा नव्हता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातली १९२९ सालची हकिकत दिली आहे. आपल्यासारख्याच घरातली बाळंतीण तापाने फणफणलेली. डॉक्टर आला, पण शिवला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने ते परत गेले. ती बाई वाचली नाही. इकडे मिशनच्या दवाखान्याचे दार सगळ्या जातींना उघडे होते. आणि न शिवता ऑपरेशन करणार कसे? कुष्ठरोग्यांचीही तिथे सोय झाली. क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात.

आम्हाला मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम वेगळेच वाटते. १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्याच पोरांच्या हाती चाकू दिला. नर्सचे शिक्षणही तिथे मिळू लागले. एकट्याच्या हाताने किती डोळे उघडणार? १९२८ साली ते निवृत्त झाले, १९३३ साली अमेरिकेत वारले. तोवर मिरज दवाखान्यांचे गाव झाले होते. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेजही तिथे आले.

आजींना हेही सांगितले की आता चीर अगदी बारीक असते, आत कृत्रिम भिंग बसवतात, डोळा बधिर करतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मोतीबिंदू फार पिकू दिला तर उलट काम अवघड होते.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला हाक मारली, "धुतलेलं लुगडं काढून ठेव गं." मंगळवारी जायचे ठरले आहे. आधी डावा डोळा.