जुलाब, दुखण्याची गोळी आणि मूत्रपिंड

मराठीत काय नि कन्नडात काय, शब्द एकच: मूत्रपिंड. ते बिघडते ते वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने, हळूहळू, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे. दोन-तीन दिवसांतही मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि पुष्कळदा घरच्या डब्यातल्या गोळ्याच त्याला हातभार लावतात.

समजा, जत्रेहून आल्यावर आजोबांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अंगातले पाणी गेले, रक्तदाब उतरला. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, तोच आटतो. अशा वेळी आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून ती कसेबसे निभावतात. अंग ठणकते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले, की ही वाहिनी आवळते. बाहेर जाणारी वाहिनी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनी आधीच सैल असते. एकेक गोष्ट एरवी खपून जाते. तिन्ही जुळल्या की रक्त गाळायला दाबच उरत नाही. सोबत लघवीची गोळी असेल तर विचारूच नका. वयस्कर, मधुमेही आणि हृदयाचे किंवा यकृताचे रुग्ण यांना हा धोका जास्त.

म्हणून जुलाब चालू असताना दुखण्याची गोळी घेऊ नका, ‘एक सुई द्या’ असा डॉक्टरांकडे हट्टही नको. तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात. ओआरएस पाकिटावरच्या मापाच्या पाण्यात कालवून घोटघोट पाजा. रक्तदाबाची गोळी तेवढ्यापुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

लघवीकडे लक्ष हवे. दिवसभरात 400 मिलिलिटरहून कमी झाली, तर दवाखाना गाठा. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन ठीक आले म्हणून निर्धास्त होऊ नये; ते उशिरा चढते.

उसाच्या फडात घोणस (कन्नडात कोळकुमंडल) चावली तरी मूत्रपिंडे अशीच बंद पडतात. तिथे मांत्रिक नको, जखम कापणे नको. प्रतिविष असलेले इस्पितळ गाठा.

डायलिसिसचे नाव काढताच घरात रडारड होते. पण अशा आजारात अनेकांना ते काही दिवस किंवा आठवडेच लागते, मग मूत्रपिंडे पुन्हा काम धरतात. घरी आल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने मात्र तपासून घ्यावीत.