ओटीवरून : तीन दिव्यांची विजेरी

रात्री मागील दारी जाणाऱ्या माणसाच्या हाती चांगला उजेड असावा, ही गोष्ट शहरातील वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या खांबसारख्या गावी ती तशी नाही. रोहे तालुक्यातील हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर असले, तरी मोटारींचा झगझगाट आमच्या परसापर्यंत पोहोचत नाही. खाचरे पाण्याने भरली की साप-विंचू कोरड्या जागेच्या शोधात घराच्या जोत्याकडे सरकतात. आमच्याच जिल्ह्यात महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या उपचारासाठी जे परिश्रम केले, त्यांचे मोल कोकणातील माणसास सांगावे लागत नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. आमच्याकडील वीज गेली ती बरेच दिवस आली नाही. तिसऱ्या की चौथ्या रात्री आमच्या वडील वहिनी खरकटी भांडी घेऊन मागील दारी निघाल्या. हाती घरातील जुनी विजेरी. तिचा उजेड विझत्या निखाऱ्याएवढा. त्या पायरीवर पाऊल टाकणार, तोच आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा ओरडला, "काकू, थांब!" त्याच्या मोबाईलच्या उरल्यासुरल्या उजेडात, पायरीवर पांढऱ्या पट्ट्यांची काळीभोर मण्यार दिसली. अंतर फार तर दोन वितींचे असेल.

टाळेबंदी सैल होताच चिरंजीवांनी सुटे भाग मागविले आणि स्वतःच्या हाताने विजेरी करण्याचा घाट घातला. एका जुन्या ॲल्युमिनियमच्या विजेरीत तीन एलईडींचा संच बसवावयाचा, असा त्याचा संकल्प होता.

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहकाचा कण. तांबडा प्रकाश देणारा असा दिवा अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. निळ्यासाठी मात्र तीस वर्षे वाट पाहावी लागली. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या कणावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड पडतो. जुन्या बल्बची तार आपली बहुतेक उष्णता किरणांवाटे समोर फेकून मोकळी होते. एलईडीचे तसे नाही. त्याचा झोत थंड असतो आणि पाठ तापते. ती उष्णता पाठीमागून वाहून नेली नाही, तर दिवा स्वतःच्याच तापाने मरतो. यास्तव चिरंजीवांनी बैठकीसाठी तांब्याची चकती घेतली. तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक उष्णतावाहक आहे.

चकतीवर एलईडी डाखाने बसवावयाचे, म्हणून त्याने स्वयंपाकघरातील तवा मागितला. वहिनींनी तो दिला नाही, हे उत्तमच झाले. कारण त्याच्याजवळील डाखात कथिलाबरोबर शिसे होते, आणि असा तवा पुन्हा चुलीवर चढविणे म्हणजे अन्नात विष कालविणे होय. मग एक मोडकी इस्त्री उलटी करून तिच्यावर चकती ठेवली. १८३ अंश सेल्सिअसला डाख वितळताच पृष्ठताणाने एलईडी आपोआप सरळ रेषेत येऊन बसले. ते पाहताना आम्हासही विद्यार्थ्यासारखे कौतुक वाटले.

मात्र या खटपटीत तिघांपैकी एक एलईडी निकामी झाला. चिरंजीव म्हणाले, "काका, नवा मागवू." आम्ही काटकसरी. कपाटातील मोडक्या कंदिलात तसलाच एक होता, तो काढून दिला. "हा या जातीचा नाही, काका," असे त्याने दोनदा सांगितले. आम्ही त्यास, वस्तू वाया घालवू नये, यावर व्याख्यान दिले. त्याने निमूटपणे तो बसविला.

विजेरी पेटली तेव्हा घर उजळून निघाले. दहा मिनिटांत कंदिलातला तो एलईडी नको तितका प्रखर झाला, निळसर पडला आणि विझला. उरलेले दोघे तिघांचा भार घेऊन तापू लागले, तेव्हा चिरंजीवांनी कळ बंद केली.

कारण त्यानेच समजाविले. पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि एका लिथियम घटात साधारण ३.७ व्होल्ट असतात. तिघांची एकसर जोडणी केली तर ९ व्होल्ट हवेत. म्हणून समांतर जोडणी भाग पडते. समांतर जोडणीत ज्याला किंचित कमी विभवांतर पुरते, तो अधिक धारा ओढतो. अधिक धारेने तापतो. तापल्याने त्याची गरज आणखी उतरते, म्हणून आणखी धारा त्याच्याच वाट्याला येते. दशांश व्होल्टाचा फरकही पुरे होतो. जो कमी अडवितो, त्याच्यावर भार अधिक. आणि भार वाढला की तो आणखी कमी अडवितो!

उंबरठ्यावरचा दिवा घरात आणि अंगणात एकदमच उजेड पाडतो. संस्कृतात यास देहलीदीपन्याय म्हणतात. चिरंजीवांचे हे वाक्य आम्हास तसेच लागू पडले. वादळाच्या त्या रात्री अकरा माणसांच्या घरातून मागील दारी वहिनीच का निघाल्या होत्या? कारण त्या रोजच निघत. त्यांनी कधी नाही म्हटले नाही, म्हणून प्रत्येक नवे काम त्यांच्याच पदरी पडत गेले. आणि आम्ही त्यास घराचे वळण म्हणत होतो. मण्यारीचे भय आम्ही महिनाभर बोलून दाखविले, पण हा प्रश्न कोणास सुचला नाही.

दुसऱ्या खेपेस एकाच प्रतवारीचे तीन एलईडी आणविले. तिघांच्या पाठी एकाच तांब्यास जखडल्या, म्हणजे एकाचा ताप तिघांत वाटला जावा. चकती व कवच यांमध्ये उष्णतावाहक मलम भरले. धारा आवरणारे छोटे मंडल बसविले. घट मात्र नवा घ्यावा, जुन्या यंत्रातून उपटलेला वापरू नये. आणि पेटत्या झोतात मुलांनी डोळे घालू नयेत, एवढी सूचना वाचकांसही करून ठेवतो.

ती विजेरी आता मागील दाराच्या खुंटीवर असते. भांड्यांच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी आम्ही मागून घेतली. पायरी लख्ख दिसत होती. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "भावोजी, कढईचा तळ राहिला आहे."

खरेच राहिला होता. त्या उजेडात तोही स्वच्छ दिसत होता.